विस्मरणाचे गणित आणि दोन भाषांचे घर

म्हातारपण आले की विसरायचेच, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. १९०६ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन येथे आलॉइस अल्झायमर यांनी एका स्त्री-रुग्णाची हकीकत मांडली. पन्नाशीतच तिची स्मृती ढासळली होती आणि मृत्यूनंतर तिच्या मेंदूत विकृती आढळल्या होत्या. विसरणे हा आजारही असतो, हे त्यातून दिसले. पण तो कोणाला लवकर गाठतो, कोणाला उशिरा, हे एका रुग्णावरून कळत नाही. त्यासाठी पुष्कळांच्या नोंदी आणि त्या पारखणारे गणित लागते.

रसिक वाचकहो, या गणिताचा एक अध्याय हैदराबादेत लिहिला गेला. डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निझाम्स इन्स्टिट्यूटमधील ६४८ स्मृतिभ्रंश-रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील ३९१ जण दोन वा अधिक भाषा बोलणारे. एकभाषिकांपेक्षा त्यांचा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाला होता.

आपण विचाराल, श्रेय भाषेचे की शाळेचे? संख्याशास्त्रीय प्रारूपाचे काम नेमके हेच. शिक्षण, व्यवसाय, शहर की खेडे, यांचा वाटा वेगळा काढला तरी फरक उरला. निरक्षरांतही तो दिसला, कारण हैदराबादेत दुसरी भाषा शेजारात आणि बाजारातच येते. दोनाहून अधिक भाषांचा जादा लाभ मात्र आढळला नाही.

म्हणून भाषेला औषध समजू नये. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणे मोजली. प्रत्येक कारण किती लोकांत आढळते, त्याने धोका किती वाढतो आणि एकाच माणसात किती कारणे एकत्र येतात, याचा हिशेब करून सुमारे ४५ टक्के रुग्ण टाळता वा लांबवता येतील असे म्हटले. हा आकडा समाजाचा आहे, कोणा एकाचे भविष्य नव्हे. त्या यादीत बहुभाषिकता नाही; बहिरेपण आहे, रक्तदाब, मधुमेह आणि एकटेपणही आहे.

इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील आपल्या घरांत उंबऱ्याआत मराठी आणि बाहेर दुसरी भाषा पिढ्यांपासून नांदते. ती जपावीच. पण ज्या आजीला नीट ऐकू येत नाही, तिच्याशी घरातले बोलणे हळूहळू कमी होते. मराठीचा अभिमान बाळगणाऱ्या घराने आधी तिचे कान तपासून घ्यावेत, मग तिच्याशी रोज मराठीत बोलावे.