फिलिप लोब : एक बहिष्कृत नट

नाटकाचा नायक लोकांच्या लक्षांत राहतो. परंतु नायकाचा बाप, दुकानदार किंवा भांडखोर शेजारी होऊन नाटक तोलून धरणाऱ्या नटाचें नांव पडदा पडतांच विसरलें जातें. अमेरिकेंतील फिलिप लोब हा नट अशांपैकींच एक. फिलाडेल्फिया शहरीं १८९१ सालीं जन्मलेल्या लोबनें न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर विनोदी दुय्यम भूमिका केल्या. १९२५ सालचा 'गॅरिक गेइटीज्' हा गाजलेला प्रयोगही त्यानेंच बसविला. त्या काळीं तालमींच्या दिवसांत नट बिनपगारी राबत. त्या श्रमांचा मोबदला मिळावा म्हणून नटसंघांत झगडणाऱ्यांत लोब पुढें होता.

१९४८ सालीं गर्ट्रूड बर्ग या लेखिका-नटीच्या 'मी अँड मॉली' नाटकांत तो जेक गोल्डबर्ग झाला : ब्राँक्समधील एक ज्यू गृहस्थ, कष्टाळू, तापट, पण मायाळू. पुढल्याच वर्षीं हें कुटुंब टेलिव्हिजनवर आलें आणि साठीच्या उंबरठ्यावर लोबला घरोघर ओळख मिळाली.

ती फार टिकली नाहीं. जून १९५० मध्यें 'रेड चॅनल्स' नांवाची पुस्तिका निघाली. रेडिओ-टेलिव्हिजनवरील १५१ व्यक्तींचा कम्युनिस्टांशीं संबंध असल्याचें तींत सुचविलें होतें. त्यांत लोबही होता. आपण कम्युनिस्ट पक्षाचे सभासद नाहीं, असें त्यानें सांगितलें. पण ऐकतो कोण? खटला नव्हता, न्यायाधीश नव्हता. श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें कीं, तेथें कार्यक्रमाचा खर्च जाहिरातदार करीत. येथें तो सँका कॉफी विकणारी जनरल फूड्स कंपनी करी. तिला वादग्रस्त नट नको होता. बर्गबाईंनीं लोबला काढण्यास नकार दिला, हें त्यांना भूषणावह आहे. कंपनीनें हात आखडला आणि १९५१ सालीं कार्यक्रम बंद पडला. १९५२ च्या आरंभीं तो दुसऱ्या प्रक्षेपण-संस्थेकडून पुन्हां सुरू झाला, तेव्हां जेक म्हणून दुसराच नट उभा होता. बाईंना दोष देणें सोपें आहे. परंतु त्या कार्यक्रमावर इतरांचेंही पोट होतें.

लोबचा मुलगा मनोरुग्ण होता. त्याच्या शुश्रूषेचा भार बापाच्या कमाईवर होता, आणि ती तर आटली. कांहीं काळ झीरो मॉस्टेल या नटमित्रानें लोबला स्वतःच्या घरीं ठेवून घेतलें. १ सप्टेंबर १९५५ रोजीं न्यूयॉर्कमधील एका हॉटेलांत लोबनें आपल्या आयुष्याचा शेवट करून घेतला.

१९७६ सालीं 'द फ्रंट' हा चित्रपट निघाला. त्यांतील हेकी ब्राउन या बहिष्कृत विनोदी नटामागें लोबची कहाणी आहे. ती भूमिका मॉस्टेलनेंच केली. चित्रपटाच्या अखेरच्या नामावलींत मॉस्टेल, दिग्दर्शक मार्टिन रिट आणि लेखक वॉल्टर बर्नस्टीन यांच्या नांवांपुढें, ज्याच्यावर ज्या सालीं बहिष्कार पडला तें साल दिलेलें आहे.