उघडें पत्र आणि लाखोटा

१९७१ सालीं अमेरिकेंतील केंब्रिज या गांवीं रे टॉमलिन्सन यांनीं शेजारीं ठेविलेल्या दोन संगणकांपैकीं एकावरून दुसऱ्यावर आर्पानेट जाळ्यामार्फत पत्र धाडिलें. त्यांची युक्ति साधी होती. एकाच संगणकावर निरोप ठेवणारा एक प्रोग्रॅम आणि यंत्रांमध्यें फाईल नेणारा दुसरा, यांची त्यांनीं सांगड घातली; व्यक्ति आणि यंत्र यांच्या नांवांमध्यें वाण्याच्या बिलांत दर दाखविणारें 'ॲट'चें चिन्ह बसविलें. ई-मेल जन्मास आली ती अशी.

१९८२ सालीं जॉन पोस्टेल यांनीं या टपालाचे नियम नव्यानें लिहिले. नियमांच्या नांवांतच 'साधा' हा शब्द आहे. नमस्कार, पत्र कोणाचें, कोणास, घ्या मजकूर, येतों. दोन यंत्रांचें मुख्य संभाषण एवढेंच. ओळीवर एकटा पूर्णविराम आला, कीं पत्र संपलें. सही पडताळणें नाहीं, लाखेची मोहोर नाहीं. पोस्टकार्डाप्रमाणें वाटेंतील कोणींहि वाचावें!

सर्व सोयींनीं युक्त अशी पद्धति निघालीच नाहीं असें नव्हे. तार-टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय समितीनें १९८४ सालीं 'एक्स ४००' प्रसिद्ध केली. तींत पोंच होती आणि १९८८ पासून गुप्ततेचीहि तरतूद होती. पत्त्यांत मात्र देश, टपालसंस्था, कचेरी, आडनांव असे निरनिराळे रकाने. विमानवाहतुकीच्या संदेशांत ती अद्याप टिकून आहे. घरोघरचें टपाल पोस्टेल यांच्या नियमांनींच चाललें.

नियम साधे असले, तरी ते पाळणारे प्रोग्रॅम तसे राहिले नाहींत. 'सेंडमेल' या प्रोग्रॅमांत दुरुस्तीच्या सोयीसाठीं एक चोरवाट ठेविलेली होती व ती अनेक ठिकाणीं उघडीच राहिली. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें सोडलेला 'कृमि' ज्या वाटांनीं हजारों यंत्रांत शिरला, त्यांपैकीं ही एक.

म्हणून प्रत्येक भर वाईट असेंहि नाहीं. जुन्या टपालांत १२८ च चिन्हें मावत. देवनागरीस तेथें जागा कोठली! १९९२ च्या 'माईम' नियमांनीं कोणतीहि लिपि साध्या रोमन अक्षरांत गुंडाळून नेण्याची सोय केली. वाटेंतील यंत्रांस कांहींच नवें शिकावें लागलें नाहीं. मराठी पत्र ई-मेलनें जाऊं लागलें, त्यामागें ही सोय आहे.

लाखोट्याचा प्रश्न मात्र अवघड ठरला. १९९१ सालीं फिल झिमरमन यांनीं 'पीजीपी' हा गुप्तलेखनाचा प्रोग्रॅम सर्वांस खुला केला. पत्र धाडणारानें समोरच्याच्या उघड्या किल्लीनें कुलूप घालावें, घेणारानें आपल्या गुप्त किल्लीनें काढावें. १९९९ सालीं अल्मा व्हिटन व डग टायगर यांनीं बारा जणांस नव्वद मिनिटें देऊन हें काम सांगितलें. कित्येकांनीं स्वतःच्याच किल्लीनें कुलूप घातलें. तिघांनीं तर गुपित चुकून उघडेंच धाडिलें. यांत दोष त्या बिचाऱ्यांचा नव्हे. कुलूपच असें घडविलें होतें कीं लागलें कीं नाहीं तें कळूं नये.

त्याच वर्षीं दुसरा मार्ग निघाला. एका यंत्रानें दुसऱ्यास विचारावें, 'गुप्त बोलतां येतें काय?' होकार आला तर पुढचें सारें झांकून बोलावें. माणसास कांहीं करावें लागूं नये. हाच मार्ग सर्वत्र रुळला. पण त्यांत वाट तेवढी झांकली जाते. टपालकचेरींत, म्हणजे ई-मेल पुरविणाऱ्याच्या यंत्रांत, पत्र उघडेंच. ज्याचा जीव एखाद्या पत्रावर अवलंबून आहे, त्यास तें पुरत नाहीं.

अशांसाठीं पीजीपी होतेंच. पण २०१८ सालीं जर्मनी व बेल्जियममधील संशोधकांनीं 'ईफेल' नांवाचा दोष दाखविला. चोरलेल्या बंद पत्राभोवतीं चित्र मागविणारी ओळ गुंडाळून तें मूळ मालकाकडे धाडावें. कांहीं प्रोग्रॅम पत्र उघडीत आणि चित्राच्या पत्त्यांत उघडलेला मजकूर घालून तो चोराकडे पोंचता करीत. कुलूप शाबूत होतें. घात झाला तो मुख्यतः पत्र नटविण्याच्या सोयीनें. तात्पुरता उपाय म्हणून संशोधकांनीं ती सजावट बंद करावयास सांगितलें, आणि कुलूपहि टपालाच्या प्रोग्रॅमांत न उघडतां बाहेर, वेगळ्या प्रोग्रॅमांत उघडावें असें सुचविलें.