लुई लामूर : पाच सेंटांच्या पुस्तिकांवर घडलेला कादंबरीकार

अमेरिकेच्या पश्चिमेकडील गुराखी, वसाहतकरी आणि बंदूकबाजांच्या ‘वेस्टर्न’ कादंबऱ्या लिहून लुई लामूर (1908–1988) अफाट खपला. त्याचा जन्म नॉर्थ डकोटातील जेम्सटाउनचा. वडील गुरांचे डॉक्टर होते, तर थोरली बहीण गावच्या ग्रंथालयात काम करी. तिथेच मुलाला वाचनाची गोडी लागली. जी. ए. हेन्टी या इंग्रज लेखकाच्या युद्धकथा त्याच्या विशेष आवडीच्या. हेन्टीने इंग्रज-मराठे युद्धावरही एक कादंबरी लिहिली आहे. साम्राज्याचा अभिमान त्याच्या पानोपानी असला, तरी मुलांना त्यातून देशोदेशींचा भूगोल आणि लढायांचा तपशील मिळे.

शेतीच्या मंदीने कुटुंबाने 1923 मध्ये गाव सोडले. पंधराव्या वर्षी शाळा सुटली ती कायमची. पुढची वर्षे खाणीत, लाकडाच्या वखारीत, जहाजांवर आणि मुष्टियुद्धाच्या रिंगणात गेली. मालगाडीच्या डब्यातून फुकट फिरणाऱ्या मजुराला जाडजूड ग्रंथ बाळगणे शक्य नव्हते. ही अडचण कॅन्ससमधील जिरार्डच्या छापखान्याने दूर केली. इमॅन्युएल हाल्डमन-जूलियस याने 1919 पासून काढलेल्या ‘लिटल ब्लू बुक्स’ सदऱ्याच्या खिशात मावत आणि बराच काळ अवघ्या पाच सेंटांना मिळत. त्यात शेक्सपियर होता, तत्त्वज्ञान होते, आरोग्याच्या सूचनाही होत्या. वाचून झालेली पुस्तिका दुसऱ्याला देऊन टाकली तरी चुटपूट लागत नसे. लामूरचे खरे विद्यापीठ हेच.

लेखनाची सुरुवात मात्र कवितेने झाली. 1939 मध्ये संग्रह निघाला. पोट चालले ते ‘पल्प’ मासिकांवर, म्हणजे हलक्या कागदावर छापलेल्या साहसकथांवर. तिथे मानधन शब्दांवर मोजले जाई, त्यामुळे भराभर लिहिण्याचा हात तयार झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर संपादक लिओ मार्ग्युलिस याने त्याला वेस्टर्नकडे वळवले आणि ‘जिम मेयो’ या टोपणनावाने कथा येऊ लागल्या. पुढे मासिके आटली, पेपरबॅक वाढले. 1952 मध्ये ‘कॉलियर्स’मध्ये आलेल्या एका कथेवर ‘होंडो’ हा जॉन वेनचा चित्रपट आणि त्याच नावाची कादंबरी, दोन्ही 1953 मध्ये आली. नंतर बँटम प्रकाशनाशी करार झाला : वर्षाला दोन, पुढे तीन पुस्तके.

या वेगाची किंमत गद्याने मोजली. लिहिलेले पुन्हा घासूनपुसून घेण्याची त्याला सवय नव्हती. पात्रे एका साच्यातली वाटतात, योगायोग फार होतात. वाचन दिसते ते भूगोलात : पाणवठा, खिंड, वाट नेमकी असावी याबद्दल तो काटेकोर होता. लॉस एंजेलिसच्या घरातील त्याचा संग्रह सुमारे 10,000 पुस्तकांचा होता. कपाटे दारांसारखी उघडत आणि मागे आणखी कपाटे असत. तरी प्रकाशकाला वेस्टर्नच हवे. बाराव्या शतकावरील ‘द वॉकिंग ड्रम’ 1960 च्या सुमारास लिहून झाली होती. ती छापली गेली 1984 मध्ये, नाव पुरेसे मोठे झाल्यावर.

‘एज्युकेशन ऑफ अ वॉन्डरिंग मॅन’ हे त्याचे आत्मकथन मृत्यूनंतर, 1989 मध्ये निघाले. त्यात 1930 च्या दशकात वाचलेल्या पुस्तकांच्या याद्या वर्षवार दिल्या आहेत.