रोजगार हमी आणि झाडाची झोळी : तासगावची एक गोष्ट

१/ लेकरापाशी घरी थांबावे, की कामावर जाऊन चार पैसे गाठीला बांधावेत? हा पेच केवळ शहरातील नोकरदार आईचा नव्हे. दुष्काळी महाराष्ट्रात खडी फोडणाऱ्या बाईपुढेही तो उभा होता.

२/ विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीचा पहिला प्रयोग १९६०च्या दशकात तासगाव तालुक्यात झाला. १९७२च्या दुष्काळात या कल्पनेची कसोटी लागली. १९७७मध्ये कायदा संमत झाला. २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला.

३/ स्त्री-पुरुषांना दर समान असल्याने स्त्रिया मोठ्या संख्येने कामावर आल्या. मात्र मजुरी मोजमापावर ठरे : जितकी माती उपसली, तितके पैसे. झाडाच्या झोळीतील तान्ह्याला पाजण्यात गेलेला वेळ मजुरीतूनच वजा होई. मूल घरी ठेवावे, तर थोरल्या बहिणीची शाळा बुडे.

४/ म्हणूनच कामाच्या जागी पाळणाघराची तरतूद महत्त्वाची ठरली. २००५च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने ती नेमकी केली : सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले कामावर असतील, तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करावी आणि तिलाही मजुरी द्यावी.

५/ या कलमाचे मोल इथेच आहे. घरात बिनमोल मानले गेलेले मूल सांभाळणे कायद्याने श्रम म्हणून मान्य केले. जिथे ही तरतूद कागदावरच राहते, तिथे मजुरी की मूल, ही निवड आजही एकट्या आईच्याच पदरी पडते.