बोधनिक पूर्वग्रह

अपुऱ्या वेळेत व अपुऱ्या माहितीवर निर्णय घेताना मेंदू ठरावीक दिशेने करीत असलेली चूक. एका वेळी थोड्याच गोष्टी ध्यानात ठेवता येत असल्याने तो जुन्या अनुभवावरून अंदाज बांधतो. सहज आठवणारे त्याला अधिक संभवनीय वाटते. मानसशास्त्रज्ञ आमॉस ट्व्हर्स्की व डॅनियल कानेमान यांनी १९७४ मध्ये अंदाज बांधण्याच्या या जवळच्या वाटांची मांडणी केली. एरवी याच जवळच्या वाटा माणसाला तारतात, हे विसरू नये.

भिलाईसारख्या पोलाद कारखान्यात मात्र त्या जिवावर बेततात. झोतभट्टीच्या वायूतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. काल काही झाले नाही, म्हणून आजही होणार नाही, असे मन सांगते. आणि हा वायू रक्तातला ऑक्सिजन रोखून विचारशक्तीच मंद करतो. १२ जून २०१४ रोजी भिलाईत अशा वायुगळतीत सहा जण दगावले. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. ९ ऑक्टोबर २०१८ च्या वायुवाहिनीच्या आगीत दहाहून अधिक जणांचा जीव गेला.

या दुर्घटना पूर्वग्रहामुळेच घडल्या, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. यंत्रणेतील दोष कामगाराच्या मनावर ढकलता येत नाहीत. शिवाय घडून गेल्यावर सारे आधीच दिसत होते असे वाटणे, हाही पूर्वग्रहच. मानसशास्त्रज्ञ बारुक फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये तो प्रयोगांनी दाखवला. म्हणून चौकशी करणाऱ्याने त्या क्षणी कामगाराला काय दिसत होते, हे आधी नोंदवावे.