डोंगरउतारावरचं आरोग्यघर

घर आणि आरोग्य यांचं नातं गोमंतकीयांना कुणी शिकवायला नको. आपली एक सबंध राजधानी रोगराईने उठवली. हिवताप आणि पटकीने जुने गोवे ओस पडले, आधी माणसं गेली, मग सरकारही गेलं आणि १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. हवा, पाणी आणि उजेड यांच्याशी भांडून कुठलंच घर टिकत नाही, हा धडा आपण फार महाग किमतीला घेतलेला आहे. तरीही "आरोग्यघर" असं नाव मिळालेलं जगातलं सर्वांत गाजलेलं घर आपल्याकडचं नव्हे, ते आहे अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या एका टेकडीच्या कुशीत.

त्या घराचे मालक फिलिप लोव्हेल. मूळ नाव मॉरिस सॅपरस्टीन, गाव न्यूयॉर्क. गृहस्थ निसर्गोपचारवाले. शाकाहार, व्यायाम, उघड्यावर झोपणं, पाण्याचे उपचार आणि अंगावर कपडे न ठेवता ऊन खाणं, हे त्यांचं औषध. 'लॉस एंजेलिस टाइम्स'मध्ये 'केअर ऑफ द बॉडी' हे त्यांचं सदर चाले आणि वाचकवर्गही मोठा. त्यांच्या पत्नी लेआ बालशिक्षणातल्या नव्या विचारांच्या. मुलं तीन. अशा कुटुंबाला घर कसं हवं? पडदे, गालिचे आणि कोंदट माजघर तर नकोच.

लोव्हेलनी आधी रुडॉल्फ शिंडलर या व्हिएन्नाहून आलेल्या वास्तुविशारदाकडून समुद्रकाठी एक घर बांधून घेतलं होतं. १९२६ साली ते पूर्ण झालं. टेकडीवरच्या घराचं काम मात्र गेलं रिचर्ड नॉयट्राकडे. नॉयट्राही व्हिएन्नाचाच, जन्म १८९२ चा. आणि गंमत म्हणजे तेव्हा तो शिंडलरच्याच घरात बिऱ्हाड करून राहत होता. एका छपराखाली दोन मित्र, आणि एकाचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे! त्या मैत्रीचं पुढे काय झालं असेल ते सांगायला नको.

१९२७ ते १९२९ या काळात हे घर उभं राहिलं. उतार तीव्र. नॉयट्राने पोलादाचा सांगाडा आधी कारखान्यात तयार करून घेतला आणि जागेवर आणून जोडला. ही जोडणी अवघ्या चाळीस कामाच्या तासांत झाली असं सांगतात. भिंतींना नळीने फवारलेलं काँक्रीट. सज्जे खालून खांबांनी तोललेले नाहीत, वरून छताच्या सांगाड्याला बारीक पोलादी सळ्यांनी टांगलेले. रस्ता वरच्या अंगाला, म्हणून घरात शिरायचं ते वरच्या मजल्यावर. तिथून जिना उतरत बैठकीत, आणि सगळ्यांत खाली पोहण्याचा तलाव. जिन्यात दिवे कुठले, तर फोर्डच्या मॉडेल ए मोटारीचे! झोपण्याच्या खोल्यांना लागून उघडे सोपे, रात्री बाहेर तारे बघत झोपायला. ऊन अंगावर घ्यायला आडोशाच्या जागा. म्हणजे लोव्हेलसाहेब सदरात जे लिहीत होते, ते नॉयट्राने पोलादात आणि काचेत उतरवलं.

घर तयार झाल्यावर लोव्हेलनी सदरातूनच वाचकांना आमंत्रण दिलं आणि हजारो माणसं ते बघून गेली. १९३२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातल्या वास्तुप्रदर्शनात हे घर दाखवलं गेलं आणि नॉयट्राचं नाव जगभर झालं. पुढे कराचीतली अमेरिकन वकिलातही त्याच्याच कचेरीने आखली.

मला यात सगळ्यांत कुतूहल वाटतं ते काळाचं. क्षयाचे जंतू १८८२ सालीच कॉखने दाखवले होते, पण त्यावर चालणारं औषध १९४० च्या दशकात आलं. मधली साठेक वर्षं डॉक्टरांच्या हातात होतं ते ऊन, हवा आणि विश्रांती. आपल्याकडे पाचगणीला डॉ. बिलिमोरियांनी १९१२ साली 'बेल-एअर' आरोग्यधाम काढलं ते याच विश्वासावर. आणि लोव्हेलचं घर उभं राहत होतं नेमक्या त्याच वर्षांत साताऱ्याकडे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रचार करीत होते, स्वतः घालत होते, घरच्यांकडून आणि शाळांतून घालून घेत होते. एकाने सूर्यासाठी घर बांधलं, दुसऱ्याने सूर्यासाठी अंग वाकवलं. मला औंधकरांचा मार्ग स्वस्त वाटतो. असो.

आपली जुनी घरं तरी काय वेगळं करीत होती? मधोमध उघडं राजांगण, त्यात तुळशीवृंदावन, भोवती सोपा. खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं, ऊन गाळून आत सोडणारी. फरक इतकाच की ती घरं सपाटीवर किंवा डोंगराच्या पायथ्याशी, झाडांच्या सावलीत बसत. वरचा डोंगर गुरांना, काजूंना आणि झरीच्या पाण्याला सोडलेला असे.

आज आपल्या डोंगरांवर जे बंगले चढताहेत त्यांच्या जाहिरातींत काच असते, तलाव असतो, "निरामय जीवन" असतं. दिसायला सगळं नॉयट्राच. पण पोलादी सांगाड्याने त्याने उतार जवळजवळ होता तसा ठेवून घर त्यावर अडकवलं. इथे आधी यंत्र येतं, डोंगर सपाट करतं, आणि मग काचेआड वातानुकूलन लावून खिडक्या बंद होतात. डोंगर कापायला परवानगी लागते असं नगरनियोजन कायद्याचं १७ अ कलम सांगतं. कागद मीही रोज हाताळतो, तेव्हा परवानगी म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. त्या कागदावर पायथ्याच्या वाड्यावरच्या विहिरीला रकाना नसतो.