एकाच तारखेचे प्रसंग : तिथि, वार व तारीख यांचा मेळ

निरनिराळ्या वर्षीं पण एकाच तारखेस घडलेले प्रसंग शेजारीं मांडण्याचा प्रघात जुना आहे. दिनदर्शिका, वर्तमानपत्रें व उत्सवप्रसंगींचीं व्याख्यानें यांतून अशा जोड्या वारंवार पुढें येतात आणि त्या लोकांच्या स्मरणांत चांगल्या ठसतात. परंतु मराठ्यांच्या इतिहासांतील प्रसंग अशा जोडींत घालण्यापूर्वीं एक प्रश्न विचारणें अवश्य असतें : ही तारीख कोणत्या गणनेची? तो न विचारल्यास भिन्न दिवशींचे प्रसंग एका दिवसाचे ठरतात, एका दिवसाचे प्रसंग तुटतात, आणि क्वचित् एकाच प्रसंगाचे दोन प्रसंग होऊन बसतात. हे तिन्ही प्रकार खालीं सोदाहरण दाखविण्याचें योजिलें आहे.

प्रथम मापांचा विचार करूं. आपल्या कागदांत मिति येते ती शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथि व वार अशी. किंवा मुसलमानी चंद्र व सुहूर सन अशी. युरोपीयांच्या कागदांत तारीख येते. पण ती सर्वांची एक नव्हती. तेराव्या ग्रेगरी पोपानें १५८२ सालीं जुन्या ज्यूलियन गणनेंत सुधारणा केली, तेव्हां ४ ऑक्टोबर गुरुवारच्या दुसऱ्या दिवशीं १५ ऑक्टोबर शुक्रवार धरण्यांत आला. पोर्तुगिजांनीं ही नवी गणना तत्काळ उचलली. डच कंपनीही तीच वापरी. इंग्रजांनीं मात्र ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाहीं. त्या सालीं २ सप्टेंबर बुधवारच्या मागून १४ सप्टेंबर गुरुवार आला. मधल्या काळांत दोन गणनांतील अंतर १७०० च्या फेब्रुवारीपर्यंत दहा दिवसांचें व पुढें अकरा दिवसांचें होतें. शिवाय इंग्रजांचें वर्ष तोंवर २५ मार्चला सुरू होई. त्यामुळें सुरतेची पहिली लूट, जी आपण जानेवारी १६६४ मधील म्हणतों, ती त्यांच्या जुन्या हिशेबानें १६६३ सालांत पडते.

शिवकालाच्या तारखा देतांना आपल्याकडील बहुतेक संशोधकांनीं इंग्रजी वखारींच्या कागदांस जुळणारी जुनी गणनाच ठेविली आहे. अफजलखानाच्या वधाची १० नोव्हेंबर १६५९ व राज्याभिषेकाची ६ जून १६७४ या तारखा त्याच गणनेच्या. नव्या गणनेनें त्या अनुक्रमें २० नोव्हेंबर व १६ जून होतात. यांत चूक कोणतीच नाहीं. चूक होते ती या तारखा पुढील काळांतील तारखांशेजारीं तशाच नेऊन ठेविल्यानें.

उदाहरणार्थ १९ फेब्रुवारी घ्या. टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीप्रमाणें शिवछत्रपतींचा जन्म शके १५५१ फाल्गुन वद्य ३ शुक्रवारचा, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० चा. नामदार गोपाळ कृष्ण गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं निवर्तले, व तोही वार शुक्रवारच होता. तारीख जुळली, वारही जुळला; याहून पक्का मेळ कोणता, असें कोणास वाटेल. परंतु पहिली तारीख जुन्या गणनेची व दुसरी नव्या गणनेची आहे. शिवजन्माची तारीख नव्या गणनेंत मांडल्यास ती १ मार्च येते. तिथीनें पाहिलें तर शिवजन्म फाल्गुनाच्या वद्य पक्षांतला व गोखल्यांचा मृत्यु शुद्ध पक्षांतला. म्हणजे सूर्याच्या हिशेबानें दहा दिवसांचें अंतर आणि चंद्राच्या हिशेबानें पक्षच निराळा. जुळला तो केवळ आंकडा.

५ नोव्हेंबरची गोष्ट अशीच. पानिपतची दुसरी लढाई, जींत हेमूचा पाडाव झाला, ती ५ नोव्हेंबर १५५६ ची; खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची. एका दिवशीं अकबराची सत्ता स्थिर झाली व दुसऱ्या दिवशीं पेशवाईच्या अखेरीस आरंभ झाला, अशी जोडी सहज सुचते. परंतु पहिला प्रसंग ज्यूलियन गणनेंतला आहे. हिजरी ९६४ च्या मोहरमची दुसरी तारीख व गुरुवार यांशीं तीच गणना जुळते. नव्या गणनेनें मागें मोजल्यास तो दिवस १५ नोव्हेंबर होतो.

आतां याच्या उलट प्रकार पाहूं. छत्रपति संभाजी महाराजांचा वध शके १६१० च्या फाल्गुन अमावास्येस झाला. त्याची तारीख ११ मार्च १६८९ अशी सर्वत्र छापली जाते. नादिरशहानें दिल्लींत केलेली कत्तल बहुतेक पुस्तकांत २२ मार्च १७३९ या तारखेखालीं सांपडते. वाचकास या दोन तारखांत कांहीं संबंध दिसत नाहीं. परंतु पहिली जुन्या व दुसरी नव्या गणनेची आहे. दोन्ही जुन्या गणनेंत मांडल्यास दोन्ही ११ मार्चच येतात, व मधलें अंतर बरोबर पन्नास वर्षांचें भरतें. मौज अशी कीं, दोन्ही नव्या गणनेंत नेल्यास पहिली २१ मार्च व दुसरी २२ मार्च होते. कारण १७०० सालीं दोन गणनांतील अंतर एका दिवसानें वाढलें. तेव्हां हे प्रसंग एकाच तारखेचे आहेत काय, या प्रश्नास गणनेचें नांव घेतल्याखेरीज उत्तरच देतां येत नाहीं.

तिसरा प्रकार सर्वांत घातक. वसईच्या मोहिमेंत चिमाजी आप्पांशीं पोर्तुगिजांनीं शरणागतीचा तह केला, त्याची तारीख पोर्तुगीज गणनेनें १६ मे १७३९ व इंग्रजांच्या तत्कालीन गणनेनें ५ मे. किल्ला मराठ्यांच्या हातीं आला तो पोर्तुगीज तारखेनें २३ मे, इंग्रजी तारखेनें १२ मे. या चार तारखा आपल्या ग्रंथांतून सुट्यासुट्या विखुरल्या आहेत. एखाद्यानें तहाची तारीख एका ग्रंथांतून व ताब्याची दुसऱ्या ग्रंथांतून घेतली, तर सात दिवसांचें अंतर अठरा दिवसांचें होतें, आणि त्या रिकाम्या अकरा दिवसांत काय घडलें याचीं अनुमानें सुरू होतात. वस्तुतः ते दिवस कधीं उगवलेच नाहींत.

गणना एक असली तरी दिवसाचा आरंभ एक असतोच असें नाहीं. आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, युरोपीय तारीख मध्यरात्रीपासून, आणि मुसलमानी तारीख सूर्यास्तापासून चालते. राज्याभिषेकाची नोंद जेधे शकावलींत ज्येष्ठ शुद्ध १२ शुक्रवारीं, तीन घटिका रात्र उरली असतां अशी आहे. त्या वेळीं द्वादशी संपून त्रयोदशी लागली होती; सूर्य उगवावयाचा असल्यामुळें वार शुक्रवारच; पण मध्यरात्र उलटल्यामुळें तारीख ६ जून व वार शनिवार. म्हणून द्वादशी व त्रयोदशी, शुक्रवार व शनिवार, हीं सर्व एकाच क्षणाचीं नांवें आहेत. त्यांत विरोध पाहणारानें शकावलीवर दोष ठेवूं नये.

लोकस्मृति तर गणनेचा विचार करीतच नाहीं. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला आणि मकरसंक्रांत १४ जानेवारीच्या सुमारास येते, म्हणून तो संक्रांतीच्या दिवशीं झाला असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. संग्रामाची तारीख नव्या गणनेचीच असल्यामुळें तींत दुरुस्ती करावयाची नाहीं. दुरुस्ती हवी ती संक्रांतींत. आपलें सौर वर्ष नाक्षत्र असल्यामुळें ग्रेगरी वर्षाहून किंचित् मोठें आहे व सुमारें साठ-सत्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढें सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालच्या संक्रांतीचा. ती १२ जानेवारीस होती. त्याच्याही शंभर वर्षें मागें, १७६१ सालीं, सूर्यसिद्धांताच्या मानानें संक्रांत ९–१० जानेवारीच्या सुमारास पडते. शके १६८२ पौष शुद्ध ८ बुधवारीं भाऊसाहेब रणांत उतरले तेव्हां संक्रांत होऊन चार-पांच दिवस लोटले होते. आजच्या संक्रांतीची तारीख त्या दिवसावर मागाहून चिकटली आहे.

याउलट कांहीं मेळ गणना बदलूनही ढळत नाहींत. शिवछत्रपतींचें निर्याण शके १६०२ चैत्र शुद्ध १५ शनिवारीं झालें. जुन्या गणनेनें ३ एप्रिल १६८० म्हणा, नव्या गणनेनें १३ एप्रिल म्हणा, तो दिवस चैत्री पौर्णिमेचा, म्हणजे हनुमान्-जन्माचाच राहतो. त्या काळच्या माणसानें हा योग स्वतः अनुभवला होता. आपण मागाहून शोधलेला योग आणि त्या काळच्या लोकांस दिसलेला योग यांत इतिहासाच्या दृष्टीनें पहिल्याचें मोल कौतुकापुरतें; दुसरा मात्र पुराव्यांत धरण्याजोगा आहे, कारण तो मनुष्यांच्या कृतीवर परिणाम करूं शकतो.

हा विचार केवळ दिनविशेषांपुरता नाहीं. ज्यांच्यापाशीं जुनीं दप्तरें आहेत त्यांच्याशीं याचा निकट संबंध आहे. पुष्कळ संग्रहांत मोडी पत्राच्या माथ्यावर इंग्रजी तारीख लिहून ठेवण्याची चाल आहे. पुढें नकलकार ती तारीखच उतरून घेतो व मूळ मिति गाळतो. पत्रांत "इहिदे सितैन मया व अलफ" असा सन असला, तर तो सुहूर ११६१, म्हणजे १७६० च्या मृगापासून १७६१ च्या मृगापर्यंतचा. त्यास कोणीं हिजरी ११६१ मानिलें तर पानिपतच्या वर्षाचें पत्र १७४८ सालांत जाऊन पडतें, व शाहू महाराजांच्या हयातींतलें ठरतें. पानिपतच्या वेळीं हिजरी सन ११७४ होता. मूळ मिति शाबूत असली तर अशी चूक अर्ध्या घटकेंत उघडी पडते. ती गेली म्हणजे चुकीस कायमचें घर मिळतें.

यावर उपाय सोपा आहे. या सर्व गणनांत एकच वस्तु अखंड चालत आली आहे, ती म्हणजे वार. पोपाच्या आज्ञेनें तारखा गळल्या, पार्लमेंटच्या कायद्यानें गळल्या, पण गुरुवारच्या मागून शुक्रवार यावयाचा तो आलाच. म्हणून पत्राची मिति लावतांना प्रथम वार पाहावा. तिथि व वार एकत्र जमतात कीं नाहीं हें मोडकांच्या जंत्रीवरून, तिच्या आधींच्या काळासाठीं स्वामीकन्नू पिळ्ळे यांच्या पंचांगावरून, किंवा सूएल व दीक्षित यांच्या कोष्टकांवरून ताडावें. मग तारीख काढावी, आणि ती जुनी कीं नवी हें तिच्यापुढें लिहावें. मूळ मिति मात्र जशीच्या तशी, चंद्र व सन यांसह, नकलेच्या माथ्यावर ठेवावी. तारीख आपण काढलेली असते. मिति त्या मनुष्यानें स्वतःच्या हातानें लिहिलेली असते, व पत्राची साक्ष तिच्यावरच उभी असते.